तात्यांची वही आणि पंधरा हजारांचं पॅकेज

प्रश्न (थोडक्यात; २०२१ मधला, कोरोनाच्या निर्बंधांच्या काळातला) : पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी सासरच्यांचं भांड्यांचं दुकान आहे. मी पुण्यातल्या एका कंपनीत नोकरी करते. मार्च २०२० पासून घरूनच काम असल्यामुळे इथेच राहते. नवरा चाकणला कारखान्यात आहे. दुकान सासरे (आम्ही तात्या म्हणतो) आणि धाकटा दीर बघतात, हाताखाली दोन कामगार. सलग दोन लग्नसराया वाया गेल्या. गेल्या वर्षी अधिक महिन्यात वाणाच्या खरेदीनं जरा हात दिला, तेवढंच. आता दुकान चारला बंद, शनिवार-रविवार कुलूप. महिन्याची विक्री दीड लाखावर आलीय आणि त्यात सरासरी पंधरा टक्के सुटतात. दिरानं एका डिजिटल मार्केटिंगवाल्याकडून पॅकेज ठरवलंय : वेबसाइट, फेसबुक-इन्स्टाग्रामवर महिन्याला पंधरा पोस्ट, पाच हजार फॉलोअरची हमी. महिना पंधरा हजार अधिक जीएसटी, करार सहा महिन्यांचा. पाच हजार टोकन देऊनही झालेत. तात्या म्हणतात, ‘गिऱ्हाईक पायानं येतं, फोनानं नाही.’ रोज जेवताना वाद. पैसे माझ्या पगारातून जाणार, म्हणून शेवटचा शब्द तुझा, असं दोघंही म्हणतात. काय करू?

उत्तर :

ताई, सही करू नका. निदान दिवाळी होईपर्यंत तरी नाही. पण याचा अर्थ तात्या जिंकले असा नाही, आणि जेवणाच्या ताटावर तसा तो कुणाला घेऊही देऊ नका. दिरानं जे ओळखलंय ते खरंच आहे : गिऱ्हाईक आणि दुकान यांच्यातली वाट तुटलीय आणि ती फोनवरूनच पुन्हा जोडावी लागणार. फक्त त्यानं त्यावर जो इलाज आणलाय तो तुमच्या दुकानाकडे बघून केलेला नाही. कापडवाल्याला, जिमवाल्याला आणि भांडीवाल्याला एकच पॅकेज देणाऱ्यानं तिघांचंही दुकान आतून पाहिलेलं नसतं.

आधी आकडे मांडू, कारण पैसे तुमचे आहेत. पंधरा हजारांवर अठरा टक्के जीएसटी धरला की महिन्याला १७,७०० रुपये. सहा महिन्यांचे १,०६,२००. (दुकान नेहमीच्या जीएसटीत असेल तर कराचे सत्तावीसशे वळते करून घेता येतील, कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांच्या ठोक कराच्या योजनेत, असाल तर नाही.) तुमच्याच पंधरा टक्क्यांच्या हिशेबानं हे १७,७०० नुसते वसूल व्हायला महिन्याला १ लाख १८ हजारांची जास्तीची विक्री लागेल. म्हणजे आज दीड लाख होतेय ती पहिल्या महिन्यापासून पावणेतीन लाखांच्या घरात जायला हवी, तीही रोज चारला शटर पाडून. आणि एक गोष्ट दिराला विचारायला सांगा : फेसबुकला जाहिरातीसाठी जे पैसे भरावे लागतात ते या पंधरा हजारांत आहेत की वेगळे? बहुतेक ठिकाणी ते वेगळे असतात आणि ते दुसऱ्या महिन्यात कळतं.

आता तुमच्या पत्रात एक गृहीतक आहे, त्याच्याकडे बघू. तुम्ही तिघंही असं धरून चाललाय की विक्री घटली कारण लोकांना आपली आठवण राहिली नाही. तसं आहे का? राज्य सरकारच्या एप्रिल २०२१ मधल्या आदेशानं लग्नाला माणसं २५, वेळ दोन तास, मोडलं तर ५० हजारांचा दंड. दोन तासांत उरकायच्या लग्नात आहेराची पातेली घेऊन कोण येणार? रुखवत मांडायचं कुणासाठी? संसार सेट कदाचित अजूनही घेतला जात असेल, पण आहेराचा तो सगळा धंदा, एकेका लग्नात पन्नास-पन्नास भांड्यांवर नावं घालून देण्याचा, तो दुसऱ्या दुकानात गेलेला नाही. तो झालाच नाही. जाहिरातीनं गिऱ्हाईक इकडून तिकडे वळतं; मुळात नसलेलं लग्न जाहिरातीनं लागत नाही.

उलट जी मागणी आहे तिच्याकडे दुकानातल्या कुणाचं लक्ष नाही, असं मला वाटतं. गेले पंधरा-सोळा महिने घरोघरी तिन्ही त्रिकाळ चूल पेटलेली आहे. कुकरच्या रिंगा झिजल्यात, शिट्ट्या हरवल्यात, सेफ्टी व्हॉल्व्ह उडालेत, मिक्सरच्या भांड्यांची पाती बोथट झालीत. घरोघरच्या पोरींनी केक करून पाहिला, त्यांना टिन हवेत. बिड्याच्या तव्याची विचारणा कितीतरी जण करतात. ही माणसं पाच वाजता, कामावरून सुटल्यावर तुमच्या पेठेत येतात आणि बंद शटर बघून परत जातात. त्यांना तुमच्या दुकानाची आठवण आहे. तुम्ही कधी सापडता हे माहीत नाही, आणि एवढ्यासाठी उन्हातान्हात खेप घालायची का हे ठरत नाही. लग्नाच्या संसार सेटपुढे कुकरची रिंग म्हणजे काहीच नाही, असं तात्या म्हणतील. म्हणू द्यात. सुट्या भागांवर टक्क्यात किती सुटतात, हे त्यांनाच विचारा. आणि रिंग न्यायला आलेली बाई रिकाम्या हातानं परत जाते का, तेही.

वेबसाइटचं लवकर संपवते. ‘आपला माल भारतभर जाईल’ हे वाक्य पॅकेजवाल्यानं दिराला ऐकवलं असणारच. स्टीलचं तीन किलोचं पातेलं नागपूरला पाठवायचा खर्च काढून बघा. त्याच जाडीचं (गेजचं) पातेलं मोठ्या विक्री-संकेतस्थळांवर तुमच्या खरेदीच्या आसपासच्या भावात दिसतं. शिवाय तिथे विकायचं तर २०२१ मधल्या नियमांप्रमाणे उलाढाल कितीही असो, जीएसटी नोंदणी सक्तीची होती, आणि कंपोझिशनवाल्याला तर तिथे परवानगीच नव्हती. तुमचं गिऱ्हाईक वीस किलोमीटरच्या आत आहे. ते ज्या गावांत आहे त्या प्रत्येक गावाचं नाव तात्यांना पाठ आहे.

तर आता तात्यांच्या वहीबद्दल. अशा दुकानात उधारीची एक लांबट वही असते, त्यात नाव, गाव, कुणाचा कोण, आणि बऱ्याचदा पेन्सिलीनं लिहिलेला फोन नंबर. जुन्या बिलबुकांत आहेराच्या याद्या असतात : कुणाच्या मुलीचं लग्न, कोणत्या साली, काय काय नेलं. पाच हजार अनोळखी फॉलोअर घेण्यासाठी लाखभर रुपये मोजायला निघालेल्या दुकानाकडे चारपाचशे ओळखीच्या घरांची यादी पडून आहे, आणि ती यादी असलेला माणूस घरातल्या वादात ‘तुम्हाला काही कळत नाही’ हे ऐकतोय. ही वही उघडणं हे पहिलं काम. दिरानं बसावं, तात्यांनी सांगावं, फोनमध्ये एकेक नंबर गावाच्या नावासकट साठवावा.

मग फोन करायचे. मेसेज नाही, फोन. दुकान चारला बंद झाल्यावर तात्यांना वेळच वेळ आहे. त्यांनी रोज दहा-बारा घरांना फोन लावावा. एक लक्षात घ्या : उधारी असलेली माणसं दुकानाचा नंबर बघून उचलणार नाहीत, वसुलीचा फोन वाटेल त्यांना. अशांना दुसऱ्या दिवशी घरच्या नंबरवरून लावा आणि पहिल्याच वाक्यात पैशांसाठी फोन नाही म्हणून सांगा. दुसरं जास्त महत्त्वाचं. या एप्रिल-मेमध्ये कोरोनानं कितीतरी घरांतलं माणूस गेलंय. वहीतलं नाव हयात असेलच असं नाही. म्हणून ‘सगळे बरे आहात ना?’ इथून सुरुवात करायची आणि उत्तर वाईट आलं तर दुकानाचा विषयच काढायचा नाही. हे तात्यांना शिकवायला नको. पॅकेजवाल्याच्या ऑफिसातल्या मुलाला मात्र शिकवावं लागलं असतं. बाकीच्यांना एवढंच सांगायचं : दुकान चारपर्यंत असतं, पण हवं ते व्हॉट्सॲपवर सांगा, काढून ठेवतो, आणि हा नंबर तेवढा सेव्ह करून घ्या.

सेव्ह करून घेण्यावर मी अडून बसतेय त्याला कारण आहे. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी, केली (एका यादीत २५६ नंबर मावतात) तरी मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर साठवलेला आहे. स्टेटसचंही तसंच. पैसे देऊन आणलेल्या याद्या इथे कुचकामी, आणि न विचारता शंभर जणांचा ग्रुप केला की दहा जण ब्लॉक करतात. फार तक्रारी झाल्या तर नंबरच बंद होतो. यादी हळू वाढली तर वाढू द्या.

ॲप घ्यायचं ते व्हॉट्सॲप बिझनेस. फुकट आहे. एकच नंबर साध्या व्हॉट्सॲपवर आणि यावर असा दोन्हीकडे चालत नाही, म्हणून कुणाचा तरी घरचा नंबर त्यात अडकवू नका. दुकानात जुना लँडलाइन असेल तर तोच वापरता येतो. नोंदणीच्या वेळी कोड मेसेजऐवजी फोन करून सांगितला जातो, तो ऐकून टाकायचा. वर्षानुवर्षं पिशव्यांवर छापलेला नंबर व्हॉट्सॲपवर दिसला की वेगळी ओळख द्यावी लागत नाही. त्यात कॅटलॉग आहे, दुकान बंद असताना आपोआप जाणारं उत्तर आहे, आणि ‘ऑर्डर आली’, ‘काढून ठेवलं’, ‘पैसे बाकी’ अशी लेबलं लावता येतात. दिराला हे एका संध्याकाळीत जमेल.

कॅटलॉगमध्ये सगळं दुकान टाकायला जाऊ नका. सुरुवातीला तीसेक वस्तू पुरेत, आणि त्याही लोक फोनवर विचारतात त्याच. रिंगेसाठी लिहून ठेवा : ‘कुकर किती लिटरचा ते सांगा आणि झाकणाचा फोटो पाठवा.’ आतल्या झाकणाच्या आणि बाहेरच्या झाकणाच्या कुकरची रिंग वेगळी असते, हे न विचारता दिलं तर माणसाची खेप फुकट जाते. प्रत्येक भांड्याखाली वजन, लिटर आणि किती माणसांचं ते लिहा. ‘साडेतीन लिटर’ वाचून कुणाच्या डोळ्यांपुढे काही येत नाही. ‘सात-आठ माणसांची आमटी’ म्हटलं की येतं. किलोच्या भावानं विकता त्या मालाच्या भावापुढे तारीख घालायला विसरू नका.

फोटोंचं थोडं सविस्तर, कारण स्टीलचा फोटो काढणं ही कटकट आहे. समोरून काढला की भांड्यात तुम्ही, तुमचा हात, फोन आणि समोरच्या मेडिकलची पाटी सगळं दिसतं. फ्लॅश मारला तर मधोमध पांढरा डाग. दुकानाच्या पायरीवर सकाळी सावली असते तेव्हा भांडं ठेवा, खाली गडद रंगाचं जाड कापड (जुनी सतरंजीही चालेल), फोन धरणाऱ्यानं पांढरा सदरा घालावा किंवा समोर पांढरी चादर धरावी आणि त्याआडून किंचित तिरक्या बाजूनं काढावा. भांड्याशेजारी नेहमीचं फुलपात्र ठेवा, म्हणजे आकार कळतो. पितळ-तांब्याला हा त्रास कमी. तयार फोटो गुगलवरून उचलून लावू नका. गिऱ्हाईक तेच भांडं मागतं आणि मग दुकानात वादावादी.

सगळ्यात चांगला व्हिडिओ मात्र तुमच्याकडे आधीच तयार आहे, तो तुम्हाला दिसत नाही इतकंच. कामगार मशिन हातात धरून भांड्यावर नाव घालतो, ती किरकिर, अक्षर उमटत जातं ते. वीस सेकंद, बस्स. स्टेटसला टाका. (गिऱ्हाइकाचं पूर्ण नाव-गाव दिसणार असेल तर आधी विचारा.) व्हॉट्सॲपवर नाव लिहून आलं की काना-मात्रेची चूक तुमच्या माथी येत नाही, हा आणखी एक फायदा. एक नाजूक गोष्टही सांगते. वर्षश्राद्धाला वाटायच्या भांड्यांवर ‘स्मरणार्थ’ म्हणून नाव घालून घ्यायला या वर्षी जास्त माणसं येतील. याची जाहिरात कधीही करायची नाही. विचारणा आली तर तात्यांनी स्वतः बोलावं, मजकूर दोनदा वाचून दाखवावा आणि सांगितलेल्या दिवशी भांडी तयार ठेवावीत.

आणि मोड, म्हणजे वजनावर घेतली जाणारी जुनी भांडी! मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते तुमच्या पत्रात मोडीचा उल्लेख नाही याचं. मे २०२१ मध्ये तांब्याचा भाव लंडनच्या धातुबाजारात टनाला १० हजार डॉलरच्या वर, तोवरच्या उच्चांकाला गेला. पितळही त्याच्या मागोमाग. माळ्यावर आजीच्या वेळची घागर, फुटका बंब, गळकी कळशी पडलेली घरं तुमच्या वीस किलोमीटरमध्ये किती असतील? पैशांची चणचण आहे, पण स्वयंपाकघरात चार भांडी हवीत, अशा घरासाठी मोड देऊन नवं घेणं यासारखा मार्ग नाही. दर सोमवारी ब्रॉडकास्टवर एकच ओळ टाका : आजचा पितळेचा मोडीचा भाव अमुक, तांब्याचा तमुक, घट (वजनातून कापायची तूट) इतकी धरतो. घट किती धरता ते उघड लिहिणारं दुकान मी फार कमी वेळा पाहिलंय. तात्या कुरकुरतील. पण लोकांना मोडीच्या भावापेक्षा त्या घटीचीच धास्ती असते.

गुगलचं काम दिराचं. ‘गुगल माय बिझनेस’वर (आता त्याचं नाव ‘गुगल बिझनेस प्रोफाइल’) दुकानाची नोंद फुकट होते; पडताळणीसाठी कधी पोस्टानं कोड असलेलं कार्ड येतं, कधी फोनवर जमतं. कार्ड येईपर्यंत नाव-पत्त्यात बदल करू नका, नाहीतर सगळं पहिल्यापासून. बंदची वेळ चार, शनिवार-रविवार बंद, हे खरं खरं भरा. ‘गुगलवर एक नंबरला आणतो, अमुक हजार भरा’ असा फोन येईलच. नोंदीसाठी गुगल पैसे घेत नाही आणि पहिला नंबर कुणाच्या खिशात नसतो.

आता वेळेचं गणित. २५ जून २०२१ च्या आदेशानं राज्यातला प्रत्येक जिल्हा कोरोना-निर्बंधांच्या किमान तिसऱ्या स्तरात टाकला, म्हणजे अत्यावश्यक नसलेली दुकानं सोमवार ते शुक्रवार चारपर्यंतच. हे केव्हा बदलेल ते साथीच्या आकड्यांवर आहे. तोवर विचारपूस संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी फोनवर, भांडी देणं-घेणं कामाच्या दिवशी चारच्या आत, अशी वाटणी करा. अर्धं शटर खाली ओढून मागच्या दारानं माल देणं चालू असेल तर ते थांबवा. पंचवीस रुपयांच्या रिंगेसाठी दुकानाला सील लागण्यात शहाणपण नाही. लांबच्या गावांसाठी तिथला एक किराणावाला ठरवा. दूध गोळा करणारी गाडी किंवा वडापवाला (प्रवासी जीपवाला) पुडकं सकाळी त्याच्याकडे टाकेल, गिऱ्हाईक तिथून उचलेल, किराणावाल्याला पुडक्यामागे दहा-वीस रुपये. त्यालाही गिऱ्हाईक दुकानात आलेलं हवंच असतं. घरोघर माल पोचवण्याच्या फंदात मात्र दोन कामगारांच्या जिवावर पडू नका.

पैसे यूपीआयनं घ्या. जानेवारी २०२० पासून त्यावर दुकानदाराकडून एमडीआर (व्यवहारामागची फी) घेतला जात नाही. आणि हे वाक्य तात्यांकडून पाठ करून घ्या : पैसे घेताना पिन कधीही टाकायचा नसतो, क्यूआर कोड स्कॅनही करायचा नसतो. सध्या दुकानदारांना एक ठरावीक फोन येतो. ‘लष्करातून बोलतोय, कॅन्टीनसाठी शंभर ताटं हवीत’, भावाची घासाघीस नाही, आणि मग आगाऊ रकमेसाठी म्हणून कोड पाठवला जातो. तो स्कॅन करून पिन टाकला की पैसे यायच्या ऐवजी जातात. भांड्यांच्या दुकानाला शंभर ताटांची ऑर्डर खरी वाटते, म्हणून तुम्ही सोपं सावज. असा फोन आला तर ‘दुकानात या, माल बघा, मग बोलू’.

एवढं सगळं चालू झालं, फोन उचलणारं कुणीतरी ठरलं, मालाचे फोटो जागेवर आले, की मग जाहिरात. त्याआधी नाही, कारण जाहिरात बघून आलेल्या मेसेजला दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं तर दिलेले पैसे पाण्यात. गणपती यंदा (२०२१) १० सप्टेंबरला बसतायत. त्याच्या तीन आठवडे आधी, गावापासून वीस किलोमीटरचा घेर धरून, दिवसाला दीडशे रुपये, दहा दिवस. मोदकपात्र, समई, ताम्हण, निरांजन, एवढ्यांचाच एक नीट फोटो, मराठीत दोन ओळी, आणि थेट व्हॉट्सॲपवर नेणारं बटण. पंधराशे रुपये. ते गेले तरी तुमच्या पगारात कळणार नाहीत. गल्ल्याशेजारी एक वही ठेवा आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारून लिहा : कुठून कळलं? फोन, स्टेटस, फेसबुक, गुगल, की नेहमीचं येणं. यंदा दोन नोव्हेंबरला धनत्रयोदशी आहे. ती झाली की त्या वहीवरून कळेल कशावर पैसे लावायचे. तेव्हा फेसबुकचा रकाना भरलेला दिसला तर पॅकेजवाल्याला मीच फोन करा म्हणेन.

तुमच्याबद्दल एक सांगायचं राहिलं. पत्रात दोघंही शेवटचा शब्द तुमचा म्हणतात, हे ऐकायला बरं वाटतं, पण त्यामागून हे सगळं कामही तुमच्याच अंगावर येणार नाही ना? दिवसभर लॅपटॉप, मध्ये स्वयंपाक, आणि रात्री दहाला ‘वहिनी, ह्या मेसेजला काय लिहू?’ पैसे देणारी, भांडण मिटवणारी आणि रात्रपाळी करणारी अशा तिन्ही जागा एकटीनं घेऊ नका. दुकानाचा फोन दिराकडे राहील, संध्याकाळी सहा ते आठ तो उत्तरं देईल, त्यानंतर ॲप आपोआप ‘उद्या सकाळी सांगतो’ म्हणेल. तुम्ही आठवड्यातून एकदा, रविवारी, ‘कुठून कळलं’ची वही बघाल. दिराला हे पॅकेजइतकं झगझगीत वाटणार नाही. त्याला सांगा की दुकानाची ही बाजू पूर्ण त्याची, महिन्याला तीन हजारांपर्यंतचा खर्च तो कुणाला न विचारता करेल. त्याला हवाय तो असा काहीतरी स्वतःचा कोपरा, असा माझा अंदाज आहे.

दुसऱ्या धंद्यांतली मंडळीही हे वाचत असतील, त्यांच्यासाठी धावतं. शाळेचे गणवेश विकणाऱ्यांनी जाहिरातीवर आत्ता एक रुपयाही घालू नये; बंद असलेल्या शाळा उघडेपर्यंत मागणी नाही, जे शिलाईयंत्र आहे त्यावर दुसरं काय शिवता येईल ते बघा. घरगुती डबे, लाडू-चिवडा सुरू केलेल्यांनी फोटो टाकण्याआधी अन्नसुरक्षा नोंदणी करून घ्या : २०२१ मध्ये वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असेल तर वर्षाचे शंभर रुपये लागत, आणि नंबर लिहिला की अनोळखी माणूस विश्वास ठेवतो. हातगाडीवाल्यांसाठी केंद्राच्या ‘पीएम स्वनिधी’ योजनेचं २०२१ मध्ये दहा हजारांचं कर्ज होतं, त्यात डिजिटल व्यवहारांवर थोडी रक्कम परतही मिळायची. ‘व्होकल फॉर लोकल’चे स्टिकर लावून कुणाचं गिऱ्हाईक वाढलेलं मी तरी पाहिलं नाही.

राहिले टोकनचे पाच हजार. ते वाचवायला म्हणून लाख घालू नका. कागदावर सही झालेली नसेल तर दिरानं त्या मार्केटिंगवाल्याला सरळ लिहावं : ‘सहा महिन्यांचा करार आत्ता जमणार नाही. या पाच हजारांत एक दिवस येऊन तीस वस्तूंचे फोटो काढून द्या, गुगलची नोंद लावून द्या.’ लहान गावातला धंदा करणारा माणूस बहुधा तयार होतो, त्यालाही पुढचं काम हवं असतं. तयार झाला तर फेसबुकचं पान आणि गुगलची नोंद दोन्ही दुकानाच्या ईमेलवरून, ॲडमिन दीर, त्याला फक्त संपादनाची परवानगी. पासवर्ड आणि ओटीपी द्यायचा नाही. पुढेमागे वेबसाइट केलीच तर डोमेन (वेबसाइटचा पत्ता) ही दुकानाच्याच नावावर. नाही म्हणाला तर पाच हजार सोडून द्या, आणि येत्या सोमवारी मोडीचा पहिला भाव टाका.